पहिली सुई कोणाच्या हातची? एमडी ओढणाऱ्या एका तरुणाचं प्रकरण

नाकातून एमडी ही नशेची पावडर ओढणारी बहुतेक मुलं ती सुईने टोचून घेण्यापर्यंत जात नाहीत. काही जातात. ती का जातात, हा प्रश्न समुपदेशनाच्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला पडतो. इथे लिहिलेल्या प्रकरणात त्याचं बरंचसं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, म्हणून ते सविस्तर मांडते आहे. ओळख पटू नये यासाठी दोन-तीन मुलांच्या हकिगती एकत्र केल्या आहेत, नावं गाळली आहेत, कामाचे आणि राहण्याचे तपशील हलवले आहेत. काय आधी घडलं आणि काय नंतर, हा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. या प्रकरणात सगळ्यात जास्त शिकवतो तो हा क्रमच.

चाळ सुटली, रात्रीचं काम लागलं

मुलगा बावीस वर्षांचा, लालबागच्या चाळीत वाढलेला. वडील छापखान्यात कामाला होते. दारू होती, मारहाणही होती. तो अकरावीत असताना ते गेले. आई पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते, पाठची एक बहीण शाळेत. चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा इमारत पुरी होईपर्यंत बिल्डर दरमहा भाडं देईल असं ठरलं होतं. त्या भाड्यात लालबाग-परळला खोली मिळणं शक्यच नव्हतं, त्यामुळे तिघं नालासोपाऱ्याला गेली. मुलाने एफवाय बीकॉम अर्धवट सोडलं आणि इव्हेंटच्या लायटिंगचं काम धरलं. गोदाम साकीनाक्याला.

हे काम बाहेरून झगमगीत दिसतं. प्रत्यक्षात संध्याकाळपर्यंत ट्रस म्हणजे दिव्यांचा उंच सांगाडा उभा करायचा, त्यावर शार्पी आणि पार लाइट टांगायचे, केबली ओढायच्या, पाहुणे नाचत असताना जनरेटरपाशी उभं राहायचं आणि सगळे घरी गेले की पहाटेपर्यंत तेच सामान उतरवून टेम्पोत भरायचं. नवरात्र आणि लग्नसराईत एका रात्रीच्या पाठीला दुसरी रात्र चिकटलेली असते. शेवटची विरार लोकल गेलेली असते आणि पहाटेच्या पहिल्या लोकलने घरी पोचून दुपारी परत यायचं तर झोपायचं कधी? अशाच एका रात्री बरोबरच्या मुलाने त्याला एमडीची पहिली ओळ दिली. ‘झोप उडेल’ एवढंच सांगून. मौजमजा, पार्टी, वाईट संगत असलं काही त्यात नव्हतं. दोन माणसांचं काम एकाने करायचं होतं आणि त्या पावडरीने ते झालं. सुपरवायझर खूश झाला, हे त्याने मला आवर्जून सांगितलं.

एमडी म्हणजे मेफेड्रोन, मुंबईच्या तोंडी ‘म्याव म्याव’. कॅथिनोन गटातलं, कारखान्यात बनणारं उत्तेजक. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आलं. तोवर ते बाळगणं त्या कायद्याखाली गुन्हाच नव्हता आणि त्या काळात त्याने शहरात घट्ट पाय रोवले. ते सातासमुद्रापलीकडून यावं लागत नाही. २०२३ साली नाशिकजवळ शिंदे गावात आणि २०२४ च्या फेब्रुवारीत दौंडजवळ कुरकुंभला पोलिसांनी पकडलेले कारखाने वाचकांना आठवत असतील. जवळच बनतं, लहान पुडीत मिळतं, रात्री जागणाऱ्या कोणत्याही धंद्यात पोचतं. त्याची झिंग तासा-दोन तासांत उतरते आणि उतरताना माणसाला पिळून काढते. मन खचतं, अंग दुखतं, चिडचिड होते आणि पुन्हा घ्यावंसं वाटतं. गर्द (हेरॉइनचा एक प्रकार) किंवा अफूच्या नशेत अंग जड होऊन माणूस काही तास तरी पडून राहतो. इथे तसा विसावा नाही. घेतलं की पुन्हा घ्यायचं, पुडी संपेपर्यंत.

सुरुवातीला फक्त कामाच्या रात्री, मग सुटीच्या दिवशी, मग एकट्याने. दोन वर्षांत तो इथवर आला. तेव्हाही तो सुईच्या विरोधात होता. “आपण गर्दुल्ले नाही” हे त्याचं तेव्हाचं वाक्य. ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. सुई टोचणारा म्हणजे कोणीतरी वेगळा, खालच्या पायरीवरचा, ही समजूत बऱ्याच मुलांना अडवून धरते. ती समजूत कशाने मोडली, तेच पुढे पाहू.

नाक

आधी नाक बिघडलं. खपल्या धरायच्या, सकाळी रुमालाला रक्त लागायचं, वास येईनासा झाला. एकदा तो एका रुग्णालयाच्या नाक-कान-घशाच्या बाह्यरुग्ण विभागात रांग लावून गेला. तपासलं, थेंब दिले, धुळीत काम करतोस का विचारलं. तो हो म्हणाला. धूळ होतीच. नाकात काही ओढतोस का, हे कोणी विचारलं नाही. एका सकाळी दोनशे नाकं तपासणाऱ्या डॉक्टरकडून फार मागणं बरं नाही, तरी माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त प्रश्न तो होता. बावीस वर्षांचा मुलगा, रात्रीचं काम, वजन उतरलेलं, नाकपुडीचा पडदा सोललेला. न रागावता, पोलिसांचं नाव न काढता विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. हे त्याचंच म्हणणं.

नाक चोंदलं की ओढलेली पावडर नीट लागत नाही. मग जास्त ओढायची, मग जास्त पैसे. त्यातून ‘नाकातून अर्धी वाया जाते’ हे गणित डोक्यात शिरतं. हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलं आहे आणि ते ऐकू आलं की मी सावध होते. ते बोलणारा मुलगा अजून नाकातूनच ओढत असतो, पण त्याचं मन पर्याय शोधायला लागलेलं असतं. शिवाय ते गणितही फसवं आहे. सुईने घेतल्यावर झिंग झटकन येते आणि आणखी झटकन जाते, त्यामुळे पुड्या कमी लागण्याऐवजी वाढतात. आमच्या मुलाच्या बाबतीत पहिल्याच महिन्यात खर्च वाढला.

असल्फ्याची खोली

त्या हिवाळ्यात बिल्डरचं भाडं यायचं थांबलं. असं झालेली कुटुंबं मुंबईत ठायी ठायी आहेत. इमारत अर्धवट उभी, भाडं बंद, घरमालक दारात. आईने मुलाकडे पैसे मागितले. ते पुडीत गेले होते. भांडण झालं, आई बोलली, तोही बोलला आणि नालासोपाऱ्याला जाणं त्याने बंद केलं. काही रात्री गोदामात, काही टेम्पोत आणि मग कामावरच्या ओळखीने घाटकोपरजवळच्या असल्फ्याच्या टेकडीवरच्या एका खोलीत. भाडं तिघांत. खोली ज्याच्या नावावर तो पस्तिशीचा. मुलगा त्याला दादा म्हणतो, मीही इथे तेच म्हणेन. दादाची सुरुवात गर्दने झालेली, सुई घेऊन दहाएक वर्षं झालेली. गर्द मिळाला नाही की तो एमडीही सुईनेच घ्यायचा.

‘बेघर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फूटपाथ येतो. हा मुलगा एकही रात्र फूटपाथवर झोपला नाही. त्याच्याकडे आधार कार्ड होतं, नोकरी होती, कागदोपत्री लालबागला हक्काचं घर होतं. तरीही तो बेघर होता, कारण रात्री कुठे झोपायचं हे त्याच्या हातात नव्हतं. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात रस्त्यावरच्या तरुणांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारा अभ्यास झाला आहे. ओढून किंवा फुंकून क्रिस्टल मेथ घेणारी मुलं पुढे सुईकडे वळण्याची शक्यता त्यात जास्त दिसली आणि राहायला घर नसणं हाही ठळक धोका आढळला. मेथ आणि मेफेड्रोन दोन्ही उत्तेजकंच. व्हँकुव्हरचा रस्ता आणि असल्फ्याची खोली यांत वरवर साम्य नाही. आतून मात्र एकच गोष्ट घडते: जे परवडतं ते छप्पर माणूस धरतो आणि त्या छपराखाली जे चालतं ते रोज पाहतो.

त्याने दोन महिने पाहिलं. दादा परतला की कोपऱ्यात बसायचा, टोचून घ्यायचा आणि मिनिटभरात त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरायचा. मुलाच्या कामाच्या वेळा उलट्या असल्याने दादाचा उतार त्याच्या दृष्टीस पडत नसे. दादा दुपारी भिंतीशी तोंड करून कण्हत असायचा तेव्हा हा गोदामात असायचा. म्हणजे दोन महिने त्याने निम्मीच गोष्ट पाहिली, तीही रोज, तीन हातांवरून. ‘गर्दुल्ला’ म्हणून ज्याच्यापासून तो लांब राहायचा तो माणूस आता त्याला चहा पाजत होता, उसने पैसे देत होता, ताप आला तेव्हा गोळी आणून देत होता. ती समजूत मोडली ती इथे. कोणाच्या फूस लावण्याने मोडली नाही, दादाच्या चांगुलपणाने मोडली.

‘दोनदा मी हाकलला’

लग्नसराईच्या शेवटी त्याचं पेमेंट अडकलं. पुडी अगदी थोडी उरलेली, नाक बंद, दोन रात्रींची झोप नाही. त्या रात्री पहिली सुई लागली, दादाच्या हातची.

काही आठवड्यांनी हाताला गळू झालं, लाल, गरम, अंड्याएवढं. त्याला आमच्याकडे घेऊन आला तो दादाच. आमच्या केंद्रात सुई घेणाऱ्यांना स्वच्छ सुया मिळतात. दादा त्या न्यायला येतो म्हणून आमच्या ओळखीचा. मुलाचं ड्रेसिंग चालू असताना मी दादाशी बोलले. ते बोलणं जवळपास शब्दशः देते:

“ताई, हा तीनदा मागे लागला. दोनदा मी हाकलला. तिसऱ्यांदा उठून बघतो तर हा मोरीत बसलेला, माझीच वापरलेली सुई घेऊन हातात भोसकतोय. नस कुठे, हात कुठे, काही ठाव नाही. रक्त आलेलं. मग म्हटलं थांब, दे इकडे. मी दिली नसती तर त्याने हात फाडून घेतला असता.”

मी विचारलं, दोनदा हाकलला तेव्हा काय म्हणालास?

“म्हटलं तुझं काम नाही हे. चल हट.”

आणि त्याच्यासमोर घेणं थांबवलंस?

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “खोली एकच आहे ना, ताई.”

या संवादात मला हे सगळं प्रकरण दिसतं. सुई पहिल्यांदा टोचणारा हात बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाचा तरी असतो, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पोलिसांच्या आणि पालकांच्या डोक्यात तो हात पेडलरचा असतो, मुलाला कायमचं गिऱ्हाईक करायला टपलेल्या माणसाचा. खरा हात बहुधा मित्राचा, भावाचा, नवऱ्याचा, प्रियकराचा असतो. त्याला बहुधा नको असतं, तो आधी नाही म्हणालेला असतो आणि शेवटी काळजीपोटी हो म्हणतो. स्त्रियांच्या बाबतीत तर जोडीदाराचाच हात बऱ्याचदा आढळतो आणि पुढेही सुई त्याच्याच ताब्यात राहते. त्यामुळे सुई आधी त्याला, मग तिला, म्हणजे संसर्गाचा धोकाही तिलाच जास्त.

दादाला राक्षस ठरवून हे प्रकरण बंद करता आलं असतं. तसं केलं असतं तर तो परत आलाच नसता आणि त्या खोलीत पुढे येणाऱ्या मुलांपर्यंत पोचायचं एकमेव दार बंद झालं असतं. इंग्लंडमध्ये नील हंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात नेमका हाच विचार करून एक पद्धत बसवली. सुई घेणाऱ्यांशीच बोलायचं. नवख्यासमोर घेऊ नका, त्याच्यासमोर सुईचं कौतुक करू नका, कोणी मागितलं तर नाही कसं म्हणायचं याची आधी तालीम करा. १९९८ साली त्यांनी केलेलं मूल्यमापन प्रसिद्ध झालं. या गप्पांनंतर नवख्यांसमोर सुई घेणं आणि त्यांच्याकडून मागणी होणं, दोन्ही कमी झालेलं त्यात दिसलं. पद्धत साधी आहे. तिच्यात सुई घेणाऱ्या माणसाला जबाबदार माणूस मानलं जातं आणि मला तिचं मोल तेवढ्यासाठी वाटतं.

दादाबरोबर आम्ही तेच केलं. खोली एकच आहे, मग मोरीचा पडदा ओढून घे. वापरलेली सुई खोलीत पडू देऊ नकोस, डब्यात टाक आणि आमच्याकडे आण. ‘चल हट’ ऐवजी काय म्हणता येईल? त्याने स्वतःच शब्द शोधले: “मला सुटत नाही म्हणून मी घेतो. तुला अजून सुटेल. चल, ताईकडे जाऊ.” हे त्याने माझ्यासमोर तीन-चारदा म्हणून पाहिलं, आधी लाजत, मग नीट.

एवढी घाई का

सुई गर्दची असो वा एमडीची, सुईच ना, असं वाटू शकतं. फरक मोठा आहे. गर्द टोचणारा दिवसातून मोजक्या वेळा टोचतो. मेफेड्रोनसारख्या कॅथिनोनची झिंग इतकी लवकर उतरते की एका रात्रीत पुन्हा पुन्हा टोचलं जातं. जितक्या जास्त वेळा टोचणं तितक्या जास्त सुया हव्यात आणि रात्री तीन वाजता त्या संपतात. मग आहे तीच सुई, एकाची दुसऱ्याला. रोमानियात २०११ च्या सुमारास बुखारेस्टमधले सुई घेणारे हेरॉइनकडून अशाच नव्या उत्तेजकांकडे वळले आणि त्यांच्यात एचआयव्हीची साथ पसरली. २०१४-१५ मध्ये डब्लिनच्या बेघरांमध्ये तेच झालं, तिथे ‘स्नो ब्लो’ नावाने विकलं जाणारं कॅथिनोन होतं. मुंबईत हे टाळायचं असेल तर पहिल्या सुईच्या आधीच काम करायला हवं.

आणि इथेच आमच्या व्यवस्थेची खोट आहे. २०१९ साली सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल आला. त्यात देशात सुईने नशा करणाऱ्यांची संख्या सुमारे साडेआठ लाख धरली आहे आणि सुईतून प्रामुख्याने गर्दसारखे अफूवर्गीय पदार्थ जातात असं दिसतं. त्याला धरूनच सगळी रचना उभी राहिली. स्वच्छ सुया, ड्रेसिंग, एचआयव्ही तपासणी आणि गर्दऐवजी द्यायच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीचे पर्यायी उपचार. हे काम मोलाचं आहे, त्याने असंख्य जीव वाचले आहेत आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने त्याला कायद्याचं संरक्षणही दिलं. पण राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या व्याख्येनुसार गेल्या तीन महिन्यांत निदान एकदा सुई घेतलेला माणूसच या सेवांच्या कक्षेत येतो. नाकातून ओढणारा, असल्फ्याच्या खोलीत रोज सुई पाहणारा मुलगा येत नाही. व्यसनमुक्ती केंद्रात पाठवावं तर तो म्हणतो, मी कामावर जातो, मला दारुड्यांत कशाला भरती करता. ब्युप्रेनॉर्फिन त्याच्या उपयोगाची नाही, ती अफूवर्गीय व्यसनावर चालते. उत्तेजकांच्या व्यसनाला तशी पर्यायी गोळी उपलब्ध नाही. तिथे बोलून करायचे उपचार आहेत आणि त्यातही नशा न घेतल्याच्या प्रत्येक तपासणीला छोटं बक्षीस देण्याची पद्धत सगळ्यात परिणामकारक ठरली आहे. आपल्याकडे ती क्वचितच वापरतात.

वडिलांची दारू आणि मारहाण मी वर एका ओळीत उरकली, ते मुद्दाम. बालपणीचे घाव धोका वाढवतात हे खरंच आहे आणि समुपदेशनात आम्ही त्यावर बोलतोही. पण आमच्या फायलींत पानंच्या पानं त्यानेच भरलेली असतात आणि ‘सध्या झोपतो कुठे, तिथे आणखी कोण, त्यांच्यात सुई कोण घेतं’ हे एका ओळीतही नसतं. बालपण बदलता येत नाही. झोपायची जागा बदलता येते.

मुंबईत सुईकडे जाणारी आणखी एक वाट आहे, तिचा ओझरता उल्लेख करते कारण ती स्वतंत्र लेखाची आहे. समलिंगी पुरुषांच्या काही वर्तुळांत उत्तेजकं घेऊन शरीरसंबंध ठेवण्याला ‘हाय फन’ म्हणतात. तिथेही पहिली सुई बहुधा दुसऱ्याच्या हातची असते, बंद फ्लॅटमध्ये, नको म्हणणं अवघड असताना. त्या मुलांना ‘गर्दुल्ल्यांच्या’ केंद्रात यायची लाज वाटते आणि घरी तर काहीच सांगता येत नाही. १९९४ पासून काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्थेत त्यांना निदान आपलं वाटणारं दार मिळतं.

मुलाचं पुढे काय झालं

गळू कापून धुतलं, प्रतिजैविकं दिली, ते भरलं. एचआयव्ही टाळण्यासाठीची पीईपी औषधं सुई लागल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. ती वेळ केव्हाच टळली होती. एचआयव्हीची पहिली चाचणी निगेटिव्ह आली, तीन महिन्यांनी पुन्हा केली, तीही निगेटिव्ह. हिपॅटायटिस बीची लस सुरू केली. हिपॅटायटिस सी मात्र निघाला, विषाणूची चाचणीही पॉझिटिव्ह आली. मोरीतली ती वापरलेली सुई की नंतरची एखादी, हे सांगता येणार नाही. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ साली सुरू झाल्यापासून याची औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. साधारण बारा आठवडे गोळ्या घ्यायच्या, बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. त्याचे सात आठवडे झाले आहेत.

आईला बोलावलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “ताई, पोलीस केस होईल का हो?” हीच भीती मुलांना आणि आयांना दोन-दोन वर्षं घरात कोंडून ठेवते. मी तिला एनडीपीएस कायद्याचं कलम ६४अ समजावलं. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण बाळगण्याच्या आरोपात सापडलेल्या व्यसनी माणसाने आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते, उपचार मात्र पुरे करावे लागतात. तिने ते कलम मला कागदावर लिहून मागितलं आणि ब्लाउजमधल्या पाकिटात ठेवलं. मग म्हणाली, “मी त्याला बोलले ते फार बोलले का?” मी म्हटलं, काकू, भाडं थांबलं होतं, कोणीही बोललं असतं. आता त्याला रात्री झोपायला कुठे पाठवता येईल ते सांगा.

ती रात्रीची जागा मिळवणं हा आमचा खरा उपचार ठरला. काळाचौकीला त्याची आत्या राहते. तिला आधी सगळं सांगायचं की नाही, यावर मायलेकांचं एकमत होईना. शेवटी मुलानेच सांगितलं. आत्या म्हणाली, बाहेर गॅलरीत झोपेल, पण रात्री दहाच्या आत घरात पाहिजे. दहाच्या आत यायचं तर इव्हेंटचं काम सोडायला हवं. तिथे अडलं बरेच दिवस. दिवसाच्या कामाचा पगार कमी होता आणि बहिणीची फी होती. अखेर लायटिंगचं सामान भाड्याने देणाऱ्या एका दुकानात दुरुस्तीचं काम मिळालं, दिवसाचं. ट्रसवरून तो जमिनीवर आला म्हणून त्याचे मित्र हसले, ते त्याला लागलं. त्यावर आमची दोन सत्रं गेली.

एमडी पूर्ण सुटलेली नाही. गणपतीच्या दिवसांत त्याने दोनदा नाकातून घेतली आणि त्याच आठवड्यात येऊन सांगितली. सुई पुन्हा घेतलेली नाही. झोप परत येते आहे, वासही थोडा येऊ लागला आहे. बिल्डरच्या भाड्याचा तिढा सुटलेला नाही, चाळकमिटीच्या बैठका चालूच आहेत. तो सुटेपर्यंत धोका टळला असं मी फाइलमध्ये लिहिणार नाही.

असा मुलगा किंवा मुलगी घरात असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. एचआयव्हीविषयी काही विचारायचं असेल तर १०९७ आणि मन खचलं असेल, जीव द्यावासा वाटत असेल तर १४४१६. उत्तेजकांच्या उतारात आत्महत्येचे विचार येतात, ते हसण्यावारी नेऊ नयेत. फोन करताना एवढं जरूर सांगा की सुई लागली आहे की नाही आणि मुलगा सध्या कोणाबरोबर राहतो.

दादाची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सुरू झाली आहे. गर्द जवळपास थांबला, एमडी कमी झाली, थांबली नाही. आमच्या मुलाची असल्फ्यातली जागा दुसऱ्या एका मुलाने घेतली आहे. एकोणीस वर्षांचा, केटरिंगमध्ये वेटर, नाकातून ओढणारा. त्याने दादाकडे सुई मागितली. दादा त्याला आमच्याकडे घेऊन आला, सुई लागायच्या आधी. कार्यक्रमाच्या नोंदवहीत त्याच्यासाठी रकाना नाही, म्हणून त्याची फाइल मी साध्या वहीत उघडली आहे. त्याच्या नाकासाठी डॉक्टरांची वेळ घेतली आहे आणि रात्री झोपायला दुसरी जागा शोधणं चालू आहे.